आतली केबिन मला हवी आहे

३ सप्टेंबर

बारके,

नऊ वर्षांनी तुला पत्र लिहिते आहे, तेव्हा सुरुवातीला काय लिहावं यातच अर्धा तास गेला. ‘प्रिय’ लिहिलं असतं तर म्हणाली असतीस, आली साखर पेरायला. ‘अनेक आशीर्वाद’ लिहिले असते तर म्हणाली असतीस, हिचा मोठेपणा काही सुटत नाही. म्हणून नुसतं बारके. सदुसष्ट वर्षांच्या बाईला बारकी म्हणणं जरा अतीच होतं, पण तुझं दुसरं नाव माझ्या तोंडात कधी बसलंच नाही.

माझा फोन तू उचलत नाहीस. नको उचलूस. तुझ्या लेकीने मला पत्ता दिला आणि म्हणाली, “मावशी, आई पत्र फाडते, पण वाचल्याशिवाय फाडत नाही.” तेवढ्या आधारावर लिहिते आहे.

तुझ्या लेकीने बोटीची सात दिवसांची सफर ठरवली, आणि तुला न विचारता त्यात मलाही गोवलं, हे आता तुला कळलं आहे. तू घर डोक्यावर घेतलंस असं ऐकलं. मी तुझ्या जागी असते तर मीही घेतलं असतं. पण पोरगी गुणाची आहे. ती म्हणते, अख्ख्या बोटीवर एकेकट्या माणसाच्या दोनच केबिनी उरल्या आहेत, एकाच मजल्यावर, मध्ये चार दारं सोडून. एकीला बाल्कनी आहे, दुसरी आतली आहे. पैसे तिने दोन्हींचे सारखेच सांगितले, त्यामुळे तो प्रश्न नाही. “तू मोठी आहेस, आधी तू निवड,” असं मला म्हणाली. पंधरा तारखेच्या आत सांगायचं आहे, नाहीतर दोन्ही जातील.

माझं काय, मला कुठेही चालतं. तू बाल्कनी घे. तुला उजेड लागतो, हवा लागते, समोर बघायला काहीतरी लागतं. मी आतली घेईन. तिला खिडकी नाही, झरोका नाही, दाराला फटसुद्धा नाही म्हणे. दिवा मालवला की डोळ्यात बोट घातलं तरी दिसायचं नाही. बोटीच्या बरोबर मध्यावर आहे, त्यामुळे हेलकावे कमी आणि आवाजही नाही. लेकीने पाठवलेल्या नकाशावर तिचा नंबर मी पेन्सिलने गोल करून ठेवला आहे. असो. सात दिवस काढीन कसेतरी.

हे येणार नाहीत. पाण्याचं नाव काढलं की हे विषयच बदलतात. अंघोळीची बादलीसुद्धा अर्धीच भरतात.

ताई


७ सप्टेंबर

बारके,

तुझं उत्तर मिळालं. म्हणजे तुझ्या लेकीच्या तोंडून मिळालं. तिला शब्दन् शब्द सांगायला लावला. “मावशी जी सोडेल ती मला दे. आमच्यात तसंच चालत आलंय. पण तिने बाल्कनी सोडली, तर मला सफरच नको.”

वा. म्हणजे मी चांगलं वागले की तू येणार नाहीस. चांगुलपणाचा जमानाच राहिला नाही.

एका खिडकीवरून माणूस किती वर्षं डूख धरतं? मी चोवीसची होते, तू एकोणीसची. स्वयंपाकघर आईचं, बाकी खोल्या दोन. पुढचीला रस्त्यावरची मोठी खिडकी, मागचीला शेजारच्या इमारतीची भिंत चिकटलेली, दुपारी बारालासुद्धा दिवा लावावा लागायचा. मी तुला पुढची दिली. मागच्या खोलीत लग्न होईपर्यंत सात वर्षं राहिले, आणि कधी हूं की चूं केलं नाही. त्याच खिडकीत फळी टाकून तू चित्रं काढलीस, रेघा मारायला शिकलीस, आणि पुढे नकाशे काढायच्या नोकरीला लागलीस. यात मी तुझं काय वाईट केलं ते मला एकदा सांगून टाक.

नऊ वर्षांपूर्वी तुझ्या ऑफिसातल्या निरोपसमारंभात मी उठून चार शब्द बोलले, ते कौतुकानेच बोलले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तू उठून चालती झालीस. तुझा फुलांचा गुच्छ खुर्चीवर तसाच राहिला. तो मी घरी नेऊन पाण्यात ठेवला, चांगला आठवडाभर टिकला. हे तुला कधी कळवता आलं नाही.

ठीक आहे. मग बाल्कनी मीच घेते. तू आतली घे. झालं समाधान? तुझ्या लेकीला उद्या कळवते.

ताई


१० सप्टेंबर

बारके,

अजून कळवलेलं नाही.

आधी म्हटलं, सवय करावी. आमच्या घराला गॅलरी आहे, दोन माणसं उभी राहतील एवढी. परवा जेवण झाल्यावर तिथे गादी टाकली आणि दुपारची आडवी झाले. पाच मिनिटांत ऊन पापण्यांच्या आत शिरलं. डोळ्यांवर पदर घेतला, तर समोरच्या घरातल्या काचेवरून ऊन परतून येऊन पायांवर पडलं. अर्ध्या तासात डोकं असं ठणकायला लागलं की उलटी होते की काय असं झालं. काल पुन्हा प्रयत्न केला. ह्यांना दया आली असावी, कारण डोळे उघडले तेव्हा हे छत्री धरून माझ्या उशाशी उभे होते. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंनी वर बघितलं आणि हळूच विचारलं, “घरात काही झालंय का?”

हे म्हणाले, “चाळीस वर्षं घरात काळे पडदे लावून मला वटवाघूळ केलंस. आता ही काय नवी हौस?”

मी सांगितलं, बोटीवर बाल्कनी घ्यायची आहे.

“पण तुला तर ती नको आहे.”

“नको आहे.”

“मग तसं लिही की तिला एका ओळीत.”

“तुम्हाला नाही कळायचं,” म्हटलं.

त्यांना खरंच कळणार नाही, बारके. कारण खिडकीची गोष्ट मी त्यांनाही तशीच सांगितलेली आहे, जशी सगळ्यांना सांगते. ह्यांच्या आईला सांगितली, तेव्हा त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला होता.

बाल्कनी घेतली तर सात दिवस डोकं धरून बसेन, आणि तू खिडकी नसलेल्या खोलीत गुदमरशील. आतली घेतली तर तू येणारच नाहीस. आणि गप्प बसले तर पंधरा तारखेला दोन्ही जातील आणि तुझी लेक तोंडावर पडेल. तिने हे सगळं कशासाठी केलं ते तुलाही कळतं आणि मलाही कळतं. आपण आणखी किती वर्षं टिकणार आहोत?

हे पत्र टाकू की नको ते कळत नाही. टाकते.

ताई


१३ सप्टेंबर

बारके,

हे एका दमात लिहिते आहे. मध्ये उठले तर पुन्हा बसणार नाही.

आतली केबिन मला हवी आहे. तुझ्यासाठी नाही, माझ्यासाठी. बोटीचा नकाशा आला त्या दिवशी मी आधी तीच पाहिली आणि हावरटासारखी तिच्यावर बोट ठेवून बसले. त्या बोटीवर फुकट दिली तरी मला बाल्कनी नको होती.

आणि मागची खोलीही मला हवीच होती.

तेव्हा मला इस्पितळात लागून दोन वर्षं झाली होती. एक्स-रे विभागात काम, तेही डार्करूममध्ये. बाहेर फोटो काढणारा माणूस पेशंटला झोपवून ‘श्वास रोखा’ म्हणायचा आणि फिल्मची पेटी भिंतीतल्या कप्प्यातून माझ्याकडे सरकवायचा. मी अंधारात ती उघडायची, फिल्म चौकटीला चिमट्यांनी ताणून लावायची, औषधाच्या पहिल्या टाकीत पाच मिनिटं, मग पाण्यात, मग दुसऱ्या टाकीत. वर एक लाल दिवा, तो असून नसल्यासारखा. सगळं हाताला पाठ. लोक म्हणायचे, बिचारी दिवसभर कोंडलेली असते. मी कधी कोणाला सांगितलं नाही की तिथे मला जे सुख होतं ते मला दुसरीकडे कुठेच मिळालं नाही. तिथे माझ्याकडे कोणी बघत नसे. तोंड कसं ठेवायचं याचा विचार करावा लागत नसे. कामाची पाळी संपून बाहेर आले की उजेड डोळ्यांत टोचायचा आणि घरी पोचेपर्यंत अर्धं डोकं दुखायला लागायचं. तेव्हा आपण दोघी पुढच्या खोलीत निजायचो. दुपारी मी जरा पडले की ऊन बरोबर माझ्या तोंडावर. तू माझ्या कडेला बसून खिडकीतून समोरच्या इमारतीची चित्रं काढत असायचीस, आणि मी भिंतीकडे तोंड करून दात-ओठ खात असायचे.

मागच्या खोलीत बाबांचं सामान होतं. बाबा गेल्यावर वर्षभराने आईने ती खोली रिकामी केली आणि आपल्याला समोर बसवून विचारलं, आता एकेकीला एकेक खोली, बोला, कोणाला कुठली. मला भीती होती ती तू मागची मागशील याची. तू तशी होतीस, ‘ताईला पुढची दे’ म्हणून मोकळी झाली असतीस. म्हणून मी घाईघाईने बोलले. “बारकीला खिडकी दे, आई. तिला उजेड लागतो. माझं काय, मला कुठेही चालतं.”

आईचे डोळे भरून आले. तिने मला जवळ घेतलं. आई कशी होती ते तुला माहीत आहे, शाळा सुटल्यापासून तिने मला कधी जवळ घेतलं नव्हतं. त्याच वेळी म्हणायला हवं होतं, “अगं, मला तीच हवी होती.” एवढंसं वाक्य. नाही म्हटलं. एका दगडात दोन पक्षी पडले होते, आणि खोलीपेक्षा कौतुकाचीच गोडी जास्त लागली.

मग ती गोडी सुटेना. सकाळी दूध आणायला तू, कारण खिडकी तुझी. पाहुणे आले की खोली रिकामी करून जमिनीवर तू. माझ्या कपड्यांना इस्त्री तू. मी तोंडाने काहीच म्हणत नसे. फक्त सुस्कारा टाकायचे, तो चांगला जमायचा मला. तू रोज संध्याकाळी माझ्या दारात यायचीस आणि म्हणायचीस, “ताई, ये ना, खिडकीत बस थोडा वेळ.” आणि मी म्हणायचे, “नको गं, तुझी आहे, तू बस.” तू हिरमुसून परत जायचीस. तू गेलीस की मी दार लावून घ्यायचे आणि इतकी छान झोप काढायचे.

आता पुढचं लिहिते. हे मी ह्यांनाही कधी सांगितलेलं नाही.

तुला घरं बांधण्याच्या शिक्षणासाठी बाहेरगावच्या कॉलेजात जागा मिळाली होती. पाच वर्षांचा अभ्यास. पत्र आलं तेव्हा तू ते हातात धरून घरभर फिरत होतीस. आई म्हणाली, “जा, पण मग घराचं कसं करायचं?” आणि दोघींनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घालून म्हटलं, “माझं काय, मी सोडतच आले आहे.”

बस, इतकंच. दुसऱ्या दिवशी तू ते पत्र घडी घालून ठेवून दिलंस आणि इथल्याच दोन वर्षांच्या नकाशाच्या वर्गात नाव घातलंस. नंतर पस्तीस वर्षं दुसऱ्यांनी कल्पिलेली घरं तू शाईने गिरवत बसलीस. तुझ्या रेघेसारखी रेघ कोणाची नव्हती असं तुझे साहेब म्हणाले. पण घर त्यांचं होतं, रेघ तेवढी तुझी.

मी तसं का म्हटलं ते विचार. आईला एकटीने सांभाळायची भीती होती, हे खरं. पण ते दुसरं कारण. पहिलं असं, की त्याच आठवड्यात आई मला म्हणाली होती, बारकी गेली तर तू पुढच्या खोलीत ये, मागची भाड्याने देऊ. मला माझी अंधाराची खोली जायला नको होती, बारके. एका खोलीपायी मी तुझं कॉलेज बुडवलं. हे वाचताना तुला जितकं क्षुल्लक वाटत असेल, तितकंच ते होतं.

आणि एवढं सगळं करून तुझ्या निरोपाच्या दिवशी, तुझ्या ऑफिसातल्या साठ माणसांसमोर उठून मी म्हणाले, “हिचे हात सोन्याचे आहेत, पण त्या हातांना उजेड मी दिला.” आधीच्या एका पत्रात ‘चार शब्द’ लिहिलं ते हेच शब्द. मी ते आदल्या दिवशी आरशासमोर म्हणून पाहिले होते.

तुझ्या लेकीला मी आजच कळवते आहे की आतली माझी. मोठ्या मनाने नाही, हट्टाने. बाल्कनी उरते आहे, ती मी तुझ्यासाठी सोडलेली नाही. घेतलीस तर घे. आली नाहीस तर मी कोणाकडे तुझ्याबद्दल ब्र काढणार नाही, आणि हे मी माझ्या चांगुलपणाच्या खात्यात घालणार नाही.

हात दुखतो आहे. पण डोकं अजिबात दुखत नाही, आणि बाहेर लख्ख ऊन आहे.

ताई


१५ सप्टेंबर

ताई,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचून झालं तेव्हा उठून सगळी भांडी घासली, घासलेलीसुद्धा.

त्या खिडकीने माझं काय काय केलं तुला माहीत नाही. बसमध्ये खिडकीजवळची जागा रिकामी असली तरी मी वाटेकडच्या जागेवर बसते. घरात नवी खुर्ची आणली तरी तीत बसायच्या आधी मला तुझा सुस्कारा ऐकू येतो. लेकीने मला काही दिलं की मी तिला म्हणते, तुला नको आहे का, खरंच नको आहे का, आणि ती वैतागते. आता कळलं की मला कोणी काही दिलंच नव्हतं. सुटल्यासारखं वाटलं. तुला दोन लगावून द्याव्यात असंही वाटलं. दोन्ही एकाच वेळी वाटलं.

कॉलेजचं मी माफ केलेलं नाही. करीन की नाही ते माहीत नाही. ते बरोबर घेऊन येते आहे. सात दिवस आहेत.

बाल्कनी घेतली. लेकीला आत्ताच फोन केला. ती रडली, मग मला ओरडली.

तुझे आभार मानणार नाही.

आणि तिथे मला तोंडाने काही समजावू नकोस. तू बोलायला लागलीस की त्याचं भाषण होतं. काही सांगायचं असलं तर लिहून दे.

बारकी


१८ सप्टेंबर

बारके,

‘तुझे आभार मानणार नाही’ ही ओळ मी ह्यांना तीनदा वाचून दाखवली. ह्यांना वाटलं माझं डोकं फिरलं. “शिव्या घातल्यात तिने, आणि तू हसतेस काय?”

मग बसून त्यांना सगळं सांगितलं, खोली, आई, कॉलेज, सगळं. हे बराच वेळ चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, “म्हणजे माझ्याशीही खोटं बोललीस.”

“हो.”

“माझ्या आईशीही.”

“हो.”

“आणि हे पडदे?”

“ते राहतील,” म्हटलं.

यावर हे उठले आणि चहा करायला गेले. चहात साखर जरा कमीच होती, पण मी काही बोलले नाही. दोन दिवस घुश्शात होते. आज सकाळी गोळ्यांची डबी घेऊन आले, बोट लागण्यावरच्या, आणि माझ्या बॅगेत ठेवल्या. म्हणाले, बारकीलाही दे, तिला झोक्यावरही मळमळायचं.

मला किती सुटल्यासारखं वाटतं आहे ते लिहायला गेले तर भाषण होईल. म्हणून थांबते.

ताई


११ ऑक्टोबर, बोटीवर

बारके,

तू चार दारं पलीकडे आहेस आणि मी तुला पत्र लिहिते आहे. इथल्या सफाईवाल्या बाईने मला कागद आणून दिले आणि विचारलं, घरी लिहिताय का. मी हो म्हटलं.

परवा डेकवर फेऱ्या मारताना तू कॉलेजचं बोललीस ते सगळं मी ऐकलं. एकदा ‘पण’ म्हणायला तोंड उघडलं तेव्हा तू नुसता हात वर केलास आणि मी गप्प झाले. तू म्हणालीस, पाच वर्षांनी जे घर तू बांधणार होतीस ते अजून तुझ्या डोक्यात आहे, जिन्यासकट. काल दिवसभर तू मला बाल्कनीत बोलावलं नाहीस. बरं केलंस. बोलावलं असतंस तर मला वाटलं असतं, पुन्हा संध्याकाळची दारात येऊन उभी राहिलीस.

आता आज दुपारच्या जेवणाचं. तू मध्येच उठून गेलीस, म्हणून लिहिणं भाग आहे.

आपल्या टेबलावर ते दातांचे डॉक्टर आणि त्यांची बायको होती. तिने सहज विचारलं, तुमच्या केबिनी कुठल्या. तू सांगितलंस. लगेच तिने माझ्या हातावर हात ठेवला. “म्हणजे धाकटीला बाल्कनी देऊन तुम्ही आत राहिलात? मोठ्या बहिणी अशाच असतात बाई. किती मोठं मन.”

खरं सांगते, माझा चेहरा आपोआप तसा झाला. मान जरा खाली गेली, ओठ मिटले, सुस्कारा छातीपर्यंत आला होता. जन्माची सवय. तू हातातला चमचा खाली ठेवलास ते मला दिसलं. तू माझ्याकडे बघत नव्हतीस, ताटाकडे बघत होतीस, आणि तुझे कान लाल झाले होते. त्या समारंभात झाले होते तसेच. तेव्हा मी व्यासपीठावरून पाहिले होते आणि मला वाटलं होतं की तू लाजलीस.

मी म्हटलं, “नाही हो. मला अंधार आवडतो. आतली मी हट्टाने घेतली. आणि तरुणपणी एका अंधाऱ्या खोलीपायी मी हिचं कॉलेज बुडवलं. मोठं मन वगैरे काही नाही.”

डॉक्टरांचा घास हातातच राहिला. बाईंनी माझ्या हातावरचा हात काढून घेतला आणि त्या पाणी प्यायल्या. मग तू खुर्ची मागे सरकवलीस आणि निघून गेलीस, आणि मला वाटलं, संपलं. पुन्हा नऊ वर्षं. आणि आता आपल्याकडे नऊ वर्षं आहेत की नाही कोण जाणे.

मी कशीबशी केबिनीत आले. दिवा मालवून आडवी झाले, पण डोळे टक्क उघडे. अंधार नेहमीसारखाच छान होता, आणि मला त्याचा काही उपयोग होत नव्हता. मग फोन वाजला.

तू म्हणालीस, “परक्या माणसांसमोर सांगायची काय गरज होती?”

मी म्हटलं, “आधीचंही परक्यांसमोरच सांगितलं होतं.”

मागून समुद्राचा आवाज येत होता, म्हणजे तू बाल्कनीतच उभी होतीस. मग म्हणालीस, “त्या डॉक्टरांचं तोंड बघितलंस?” आणि तुला हसू आलं. आधी नाकातून आलं, मग आवरेना. मीही हसले. किती वेळ हसलो आपण, मला सांगता येणार नाही. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि अंधारात ते पुसायचीही गरज नव्हती.

मग तू विचारलंस, “झोपली होतीस का?”

“नाही गं. नुसती पडले होते.”

“मग झोप आता. साडेपाचला उठवते. चहा घेऊ.”

आणि फोन ठेवलास.

मी झोपले, बारके. इतकी गाढ झोपले की कुठे आहे तेही विसरले. तू दार वाजवलंस तेव्हा घड्याळात पावणेसहा झाले होते. वेळेच्या बाबतीत तू किती काटेकोर, ऑफिसात तुझ्यावरून लोक घड्याळं लावायचे. वर मला म्हणालीस, लिफ्टला गर्दी होती. आपण एकाच मजल्यावर आहोत.

मला वाटतं, तू मुद्दामच मला झोपू दिलंस. तसं असेल तर मला सांगू नकोस.

ताई